मागच्याला ऐकू जाईल असं मागणं

हिंडनच्या विमानतळावर सामानाच्या बेल्टजवळ उभी राहून मी दत्ताकडे एक मागणं मागितलं. डोळे मिटलेले, हात आपोआप जोडलेले. डोळे उघडले तेव्हा शेजारच्या एक वृद्ध शीख बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मायेनं विचारलं, "क्या माँगा, बहनजी?" मला उत्तर देता येईना. जे देवाला सहज सांगितलं होतं, ते माणसाला सांगायची मला लाज वाटली. "बस, सब ठीक हो जाए," एवढंच मी म्हटलं, आणि ते खरं नव्हतं. त्या संध्याकाळपासून एक प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला जे सांगता येत नाही, ते देवाकडे मागावं का?

मी इस्लापूरची. नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला, किनवट तालुक्यात आमचं गाव. जवळच पैनगंगेचा सहस्रकुंडचा धबधबा, नदीच्या पल्याड यवतमाळ जिल्हा. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून मी निवृत्त झाले. माझ्या यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली. एकुलती एक लेक कॅनडात, टोरांटोला असते. २०२४ च्या डिसेंबरात तिचं पहिलं बाळंतपण होतं. जावयाची नोकरी नवी, रजा मिळण्यासारखी नव्हती. डॉक्टरांनी दिलेली तारीख पाच दिवसांवर आली आणि मी निघाले, एकटी.

आमच्या भागातून दिल्ली गाठायची म्हणजे सचखंड एक्सप्रेस, असंच वर्षानुवर्षं चालत आलं. एक दिवस आणि एक रात्र गाडीत काढायची. मग २०२४ च्या मार्चअखेरीस नांदेडहून दिल्लीसाठी विमान सुरू झालं. भोकरच्या पुढे कधी एकटी न गेलेल्या आमच्या शेजारणींनासुद्धा त्याचा आनंद झाला. पण त्या विमानात एक गोष्ट दडलेली आहे, ती तिकीट काढताना नीट कळत नाही. हे विमान दिल्लीच्या मोठ्या विमानतळावर उतरत नाही. ते उतरतं हिंडनला, म्हणजे उत्तर प्रदेशात, गाझियाबादजवळ, हवाई दलाच्या तळावर. तिथे २०१९ साली नागरी विमानांसाठी छोटं टर्मिनल केलं आहे. परदेशाला जाणारं विमान मात्र सुटतं इंदिरा गांधी विमानतळाच्या टर्मिनल तीनवरून. दोन्हींच्या मधे अख्खी दिल्ली आडवी पसरलेली.

तिकिटं दोन होती, कंपन्या दोन. अशा वेळी पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरं थांबत नाही आणि बुडालेलं तिकीट आपल्या माथी येतं. बॅगही आपणच बेल्टवरून उचलायची, शहर ओलांडून न्यायची आणि पुन्हा द्यायची. देशातल्या विमानाला पंधरा किलोचीच मर्यादा होती, म्हणून पुढच्या विमानात दोन मोठ्या बॅगा चालत असूनही मी एकच नेली. तिच्यात अळीव, भाजलेला ओवा, बाळंतशोपा, माझ्या जुन्या सुती लुगड्यांची दुपटी आणि पाच वेळा घडी बदललेली कुंची. त्या बॅगेत कपडे माझे दोनच होते, बाकी सगळं तिच्या बाळंतपणाचं.

मधे साडेसात तास होते. जावयानं चारचारदा हिशोब करून तेवढे ठेवले होते. पण त्या दिवशी उत्तरेत धुकं पडलं. सकाळपासून तिकडची विमानं एकामागून एक मागे पडत गेली आणि नांदेडच्या आमच्या विमानापर्यंत तो उशीर येऊन पोचला. साडेतीन तास मी नांदेडला खुर्चीत बसून होते. हिंडनला उतरले तेव्हा संध्याकाळचे पाच पस्तीस झाले होते. दुसरं विमान रात्री साडेनऊचं, त्याचा काउंटर बंद होणार साडेआठला. बॅग काही बेल्टवर येत नव्हती. तेव्हा मी डोळे मिटले.

दत्त आमच्या जिल्ह्याचा. परंपरा सांगते की दत्त महाराज स्नानाला काशीला जातात, भिक्षेला कोल्हापूरला आणि निजायला माहूरगडावर येतात. लहानपणी आजी हे सांगायची तेव्हा मला त्या अनवाणी पायांची ओढ वाटायची. त्याला स्मर्तृगामी म्हणतात, आठवण काढली की येणारा. एका दिवसात तीन क्षेत्रं करणाऱ्या देवालाच प्रवासातलं दुःख कळणार, असं माझ्या मनानं घेतलं असावं. मी म्हटलं, "दत्ता, ते दुसरं विमान दोन तास उशिरा सुटू दे."

एवढंच मागणं. आईनं लेकीसाठी मागितलेलं. त्यात वाईट काय, असं कुणीही म्हणेल. पण त्या बाईंनी विचारलं आणि माझ्याच शब्दांचा अर्थ मला दिसला. त्या विमानात तीनेकशे माणसं बसणार होती. त्यांच्यात कुणाचं बाळ रडणार होतं. कुणाला टोरांटोहून पुढचं विमान गाठायचं असेल, कुणी आजारी बापाकडे निघालं असेल. त्या सगळ्यांचे दोन-दोन तास मी देवाकडे मागत होते, आणि तेही त्यांना न विचारता. त्यांच्यातला प्रत्येक जण त्याच वेळी विमान वेळेवर सुटू दे असं म्हणत असणार. एक देव, एक विमान आणि उलटसुलट दोन मागण्या. माझी पुरी झाली तर ती त्यांच्या खोळंब्यातून पुरी होणार होती.

हा प्रश्न विमानाचा नाही, हे मला माहीत आहे. विमानानं तो फक्त घड्याळ लावून समोर ठेवला. आता मुंबईतही दोन विमानतळ झाले आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि डिसेंबरात तिथून विमानं उडू लागली. गोव्यात दाबोळीच्या जोडीला जानेवारी २०२३ पासून मोपा आहे. लांबलांबच्या गावांतली माणसं आता एका विमानतळावरून दुसऱ्यावर अशीच जीव मुठीत धरून धावतील, आणि धावता धावता माझ्यासारखंच काहीतरी मागतील. पण आपण शेतीवाडीतली माणसं हे पूर्वीपासून करत आलो आहोत. ज्याचं सोयाबीन काढून रानात पडलंय तो पाऊस थांबू दे म्हणतो, ज्याची तूर फुलावर आहे तो पाऊस येऊ दे म्हणतो. दोघांचे बांध एकमेकांना लागून असतात आणि दोघं एकाच मारुतीला नारळ फोडतात.

नवसाचंही तसंच. माहूरला रेणुकामातेच्या गडावर मी किती बायकांना पदर पसरून नवस बोलताना पाहिलं आहे. मी त्यांना नावं ठेवणार नाही. जिचं घरात कुणी ऐकत नाही, तिला तेवढी एकच जागा असते जिथे पूर्ण वाक्य बोलता येतं. तुकोबांनी नवसावर परखड शब्दांत प्रश्न केला, नवसानं मुलं होत असतील तर नवरा कशाला हवा, असा. तो प्रश्न बरोबरच आहे. पण गीतेत चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत, त्यात पहिलं नाव आर्ताचं आहे, संकटात हाक मारणाऱ्याचं. आणि भगवंतांनी त्या चौघांनाही उदार म्हटलं आहे, एकालाही मागे सारलेलं नाही. म्हणजे हाक मारण्यात पाप नाही. मी बेल्टजवळ डोळे मिटले याची मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. लाज वाटली ती त्या हाकेत काय होतं त्याची.

बॅग आली. त्या बाई आणि त्यांचे यजमान नांदेडहून, हजूर साहिबचं दर्शन घेऊन परतत होते. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला आणि गुरू ग्रंथ साहिबला गुरूचं स्थान दिलं, ते आमचं नांदेड. सरदारजींनी माझं तिकीट बघितलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "टैक्सी मत लेना, बहनजी. इस वक्त सड़क पर फँस जाओगी. मेट्रो से चलो, हम कश्मीरी गेट तक साथ हैं." तिघांनी मिळून एक ऑटो केली, दिलशाद गार्डन स्टेशनपर्यंत. माझ्या हातातल्या पिशवीतला डिंकाच्या लाडूंचा डबा त्या बाईंनी स्वतःच्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. बाहेर धुराचं आणि धुक्याचं मिळून एक पिवळट आवरण पडलं होतं. रस्त्यावरचे दिवे त्याच्यात अर्धे विरघळल्यासारखे दिसत होते.

मी सांगितलं, मी नांदेड जिल्ह्यातली. ते म्हणाले, "फिर तो आप भगत नामदेव के देस की हैं." माझ्या अंगावर काटा आला. मराठवाड्याच्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं, आणि त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. जे मी शाळेत धडा म्हणून शिकवलं, ते या माणसाच्या रोजच्या वाणीत होतं. मग मी धीर करून विचारलं, तुम्ही काय मागता? त्या बाईंनी सांगितलं की त्यांच्या अरदासीच्या, म्हणजे प्रार्थनेच्या, शेवटी सगळ्यांच्या भल्याचं मागणं असतं. मधे आपलं जे काही असेल ते सांगावं, पण शेवट तिथेच येऊन करायचा. हे सांगताना त्यांना माझ्यासारखी लाज वाटायचं कारण नव्हतं. हे मागणं ऑटोवाल्यासमोरही सांगता येत होतं.

दिलशाद गार्डनला मेट्रोत बसलो. सात स्टेशनं. शास्त्री पार्कनंतर गाडी यमुनेवरून गेली. खाली नदी दिसेना, नुसता काळोख आणि धूसर पाणी. कश्मीरी गेटला लाल मार्गाची गाडी उंचावर थांबते आणि पिवळ्या मार्गाची जमिनीच्या खोल पोटात. एवढं उतरायचं, तेही संध्याकाळच्या त्या गर्दीत. सरदारजींना दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी समोरून येणाऱ्या एका मुलीला थांबवलं, माझं घड्याळ तिला दाखवलं. ती कॉलेजची असावी, कानात इयरफोन, पाठीवर चित्रांची मोठी नळी. तिनं काही न विचारता बॅगेचं दुसरं हँडल धरलं. सरकत्या जिन्यावर ती माझ्या मागे उभी राहिली, म्हणजे मी मागे पडले असते तर तिच्यावर पडले असते. नवी दिल्ली स्टेशनला तिनं मला विमानतळाच्या मेट्रोपर्यंत पोचवलं आणि आल्या वाटेनं धावत परत गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

त्या शेवटच्या गाडीत मला बसायला जागा मिळाली. वीस-बावीस मिनिटं माझ्या हातात काही करण्यासारखं नव्हतं. अशा वेळी माणूस एकतर घड्याळ बघतो नाहीतर विचार करतो. मला गीतेच्या अठराव्या अध्यायातली पाच कारणं आठवली. कुठलंही कर्म पूर्ण व्हायला पाच गोष्टी लागतात असं तिथे सांगितलं आहे. कर्म जिथे घडतं ते अधिष्ठान, करणारा कर्ता, निरनिराळी साधनं, नाना तऱ्हेच्या हालचाली आणि पाचवं दैव. आपण बोलताना दैव म्हणजे नशीब म्हणतो, कपाळावर लिहिलेलं. पण शंकराचार्यांनी तिथे दैवाचा अर्थ इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या देवता असा घेतला आहे. डोळा पाहतो, पण सूर्याच्या आधारानं पाहतो. तो आधार म्हणजे दैव. हा अर्थ मी पूर्वी वाचला होता, पण तो उमगला त्या गाडीत. मी धडपडत होते, बॅग होती, मेट्रो होती. आणि त्या सगळ्यात पाचवं काही होतं. लाडूंचा डबा मांडीवर धरणारे हात होते, जिन्यावर माझ्या मागे उभी राहिलेली मुलगी होती. मी दैवाला विमान थांबवायला सांगितलं होतं. दैव मात्र माझ्या बॅगेचं दुसरं हँडल धरून चाललं होतं.

आणि मग मला माझी शाळा आठवली. चौतीस वर्षं मी मुलांकडून पसायदान म्हणून घेतलं. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हा ज्ञानदेवांनी सगळ्या विश्वाचा आत्मा असलेल्या देवाकडे हे दान मागितलं. ज्याला जे हवं ते त्याला मिळो, असंही त्यात आहे. मला एकदा सातवीतल्या एका पोरानं विचारलं होतं, "बाई, सगळ्यांनाच पहिला नंबर पाहिजे असला तर देव काय करील?" मी तेव्हा त्याला, अभ्यास कर म्हणून खाली बसवलं. त्याचा प्रश्न खरा होता आणि मी तो टाळला, याची टोचणी त्या गाडीत मला लागली. कारण तोच प्रश्न माझा झाला होता. मला विमान उशिरा हवं, तीनशेजणांना वेळेवर हवं. ज्याला जे हवं ते मिळायचं कसं?

तेव्हा मी मनातल्या मनात पसायदान पहिल्यापासून म्हटलं, आणि ओव्यांचा क्रम मला पहिल्यांदा दिसला. ज्याला जे हवं ते मिळो, हे मागणं ज्ञानदेवांनी सुरुवातीला ठेवलेलं नाही. आधी त्यांनी मागितलं आहे की दुष्टांचं दुष्टपण जावो. दुष्ट जावोत असं नाही. ज्यांच्या आईवडिलांना समाजानं वाळीत टाकलं त्यांनी हे मागितलं, हे विसरू नये. मग चांगल्या कामाची त्यांना गोडी लागो. मग सगळ्या जिवांची एकमेकांशी मैत्री होवो. मग पापाचा अंधार जावो, आपापल्या धर्माचा सूर्य जगाला दिसो. आणि एवढं सगळं झाल्यावर, ज्याला जे हवं ते मिळो. क्रम उलटा केला तर ते मागणं जगाला पेटवून देईल. एकमेकांशी मैत्री झालेल्या माणसांनाच हवं ते मिळणं परवडतं. कारण मग त्यांचं हवंसं दुसऱ्याच्या खोळंब्यावर उभं राहत नाही.

आणखी एक गोष्ट मला कळली, शाळेच्या पटांगणामुळे. दोनशे मुलं रांगेत उभी राहून ते एका आवाजात म्हणत. त्यांच्यात एकमेकांशी मारामारी करून आलेली असत, परीक्षेत एकमेकांच्या पुढे जायला निघालेली असत. तरी प्रत्येकाच्या तोंडी तेच शब्द असत आणि एकाचं मागणं दुसऱ्याच्या मागण्याला कापत नसे. हीच मागण्याची कसोटी असावी. जे मागणं रांगेतल्या सगळ्यांना एकाच वेळी, मोठ्यानं मागता येतं, ते निर्मळ. जे मागताना मागच्याला ऐकू जाऊ नये असं वाटतं, ते देवापर्यंत न्यायच्या आधी पुन्हा एकदा धुवून घ्यावं. तुकोबांनी देवाकडे त्याचा विसर न पडण्याचं दान मागितलं. तेही साऱ्या पंढरीला एकदम मागता येतं आणि कुणाच्या वाट्यातून काही कमी होत नाही.

मी मागणं बदललं. म्हटलं, "दत्ता, मला धीर दे. पोचले तर पोचले, नाही तर पुढचा मार्ग सुचू दे. आणि माझ्या लेकीजवळ कुणीतरी असू दे, मी असो की दुसरं कुणी." शेवटचं वाक्य म्हणताना माझा आवाज आत थरथरला. तिच्याजवळ मीच असावं असं मला वाटत होतं. पण ते वाक्य म्हटल्यावर खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. विमान चुकणं म्हणजे सगळं बुडणं, हे जे मी धरून बसले होते ते सुटलं.

टर्मिनलच्या दाराशी रांग होती. आठ वाजून एकवीस मिनिटांनी माझी बॅग काउंटरच्या पट्ट्यावरून आत गेली. हातात बोर्डिंग पास आला आणि पाय लटपटले. मी तिथेच बाजूच्या बाकावर बसले, पाणी प्यायले.

आठ पस्तीसला एक मुलगा धावत आला. बावीस-तेवीस वर्षांचा, निळा स्वेटर, कपाळावर थंडीतही घाम. पंजाबातून बसनं आला होता, वाटेत धुक्यात बस तासन् तास मुंगीच्या पावलांनी चालली, असं तो काउंटरवरच्या माणसाला सांगत होता. काउंटर बंद झाला होता. तो बोलत होता आणि मधे मधे हातातलं लोखंडी कडं कपाळाला लावत होता. माणसानं शांतपणे मान हलवली. नियम नियम होता. मी उठून गेले, एकदा विनंती केली. मान पुन्हा तशीच हलली. मुलगा बाजूला झाला, भिंतीला टेकला आणि फोनवर हळू म्हणाला, "मम्मी, छूट गई."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बोलायला शब्द सुचला नाही. ज्या गोष्टीत मला मिळालं होतं, त्याच गोष्टीत त्याचं गेलं होतं, आणि आमच्या दोघांच्या मधे चौदा मिनिटं होती. तेच धुकं, तेच विमान. मी दत्ताला हाक मारली होती, त्यानं वाहेगुरूला. माझ्या हाताला एका पोरीनं आधार दिला, त्याला त्या बसमध्ये कुणी देऊ शकत नव्हतं. मी पिशवीतून लाडूंची एक पुडी काढून त्याच्या हातात दिली. त्यानं घेतली, माझ्या पायांना हात लावायला वाकला. मी त्याला वाकू दिलं नाही. मग पुढच्या तपासणीची वेळ झाली आणि मी निघाले.

आत गेल्यावर लेकीला फोन लावला. ती तिकडे रडायला लागली. "दत्त पावला गं आई!" म्हणाली. मला हो म्हणता येईना. हो म्हटलं असतं तर त्या मुलाला देव पावला नाही असं म्हणावं लागलं असतं, आणि हे मला मान्य नाही. त्याची हाक माझ्या हाकेपेक्षा खोटी नव्हती. मागताना दुसऱ्याचं नुकसान मागू नये, हे मला मेट्रोत कळलं होतं. आभार मानतानाही तेच लागू आहे, हे काउंटरपाशी कळलं. आपल्याला मिळालं ही देवाची निवड आहे असं म्हणणं म्हणजे ज्याला मिळालं नाही त्याला देवाच्या दारातून हाकलणं. पूर आलेल्या गावात ज्याचं घर वाचलं तो सहज म्हणतो, देवानं राखलं. त्याच्या शेजाऱ्याचं घर गेलेलं असतं आणि तो हे ऐकत असतो.

मग आभार मानायचेच नाहीत का? मानायचे. पण निवडीचे नाहीत, आधाराचे मानायचे. डबा मांडीवर धरणाऱ्या बाईंचे, जिन्यावर मागे उभ्या राहिलेल्या पोरीचे, जमिनीच्या पोटातून वेळेवर गाडी चालवणाऱ्या आणि कधीही न दिसलेल्या माणसाचे. असे आभार त्या मुलासमोरही मानता येतात, कारण त्यांतून त्याचं काही काढून घेतलं जात नाही. आणि असे आभार तोंडानं मानून फिटत नाहीत. त्यांचं ऋण होतं. मी कुणाच्या तरी कामात पाचवं कारण झाले, कुणाच्या बॅगेचं दुसरं हँडल धरलं, तरच ते थोडंफार फिटेल.

चौथ्या दिवशी नात झाली. मी तिथे होते. पाच महिन्यांनी इस्लापूरला परतले तेव्हा भजनी मंडळातल्या बाया जमल्या. एक म्हणाली, "बाई, दत्त पावला की वं तुमाला! नवस कवा फेडायला जायचं माहूरला?" मी सांगितलं, नवस बोललेच नव्हते, पण माहूरला जाऊ. आम्ही गेलो. गडावर गर्दी होती. मागच्या बाईचा श्वास पुढच्या बाईच्या मानेवर येत होता. गाभाऱ्यासमोर आल्यावर प्रत्येक बाई आपलं मागणं ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती.

त्या मुलाचं नाव मला माहीत नाही. तो दुसऱ्या दिवशी गेला की महिन्यानं, त्याच्या आईनं नवं तिकीट कशातून काढलं, काहीच माहीत नाही. पण तेव्हापासून मी देवापुढे उभी राहते तेव्हा निळ्या स्वेटरातला तो माझ्या मागे रांगेत उभा आहे असं धरून चालते. माहूरलाही तो होता. म्हणून मी पुटपुटले नाही. मागच्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात मागितलं.